यमूला कोणी विचारले होते?



कामगार-संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आज आम्ही एका कादंबरीवर बोलणार आहोत. मात्र बोलता बोलता आम्ही शेवटी मजुरीपाशीच येऊन पोचलो, तर ते विषयांतर समजू नये. तरुण मुलीने आपला जोडीदार निवडावा की न निवडावा, या प्रश्नाचा इतिहास चाळताना आम्हांला मजुरीचा हिशेब पानोपानी भेटला, म्हणूनच हा विषय आम्ही घेतला आहे.

हरि नारायण आपटे यांची ही कादंबरी आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. निदान नाव तरी ऐकले असेल. 'पण लक्षांत कोण घेतो?' हे तिचे नाव. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे पत्र काढले आणि त्यातून ही कथा क्रमशः येऊ लागली. पुढे १८९३ साली ती पुस्तकरूपाने आली. एक मुलगी आपले बालपण, आपले लग्न, आपला संसार आणि आपले वैधव्य आपल्याच तोंडाने सांगते आहे, अशी तिची मांडणी आहे. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. घरातली मुलगी हा बोलण्याचा विषय होता. ती स्वतः बोलणारी नव्हती.

यमुना हे नाव मराठी कादंबरीला नवे नव्हते. १८५७ साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. म्हणजे कायद्याने दार उघडले होते आणि पहिल्या यमुनेला त्या दारातून बाहेर पडता आले. पण त्यासाठी तिला घर, जात आणि धर्म तिन्ही सोडावी लागली. हरिभाऊंची यमू यांतले काहीच सोडत नाही. ती घरातच राहते, आणि घरच तिला संपवते.

यमूचे लग्न तिच्या लहानपणी झाले. नवरा तिने निवडलेला नव्हता, आणि नवऱ्यानेही तिला निवडलेले नव्हते. परंतु रघुनाथरावासारखा समंजस माणूस तिला मिळाला. तो तिला वाचायला लावतो, तिच्याशी बोलतो, मुंबईला बिऱ्हाड करतो. तेथे तिचे चार दिवस सुखाचे जातात. या कादंबरीत प्रेम आहे, ते लग्नानंतरचे आहे, आणि पुस्तकांच्या सोबतीने वाढलेले आहे. तिची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला मात्र हलकट नवरा येतो. दोघी एका वयाच्या, एकाच रीतीने लग्न झालेल्या. एकीला सुख लागले, दुसरीला मार. हरिभाऊ हे दोन संसार शेजारी शेजारी ठेवतात, आणि वाचकाच्या ध्यानात येते की यात मुलीचे शहाणपण नाही आणि तिचा दोषही नाही. ही सोडत आहे. ज्या व्यवहारात एका पक्षाला विचारलेच जात नाही, त्यात चांगले घडले तरी ते नशिबाने घडते.

मग रघुनाथराव मरतो. यमू सासरी येते. शंकरमामंजींसारख्या कर्त्या पुरुषाच्या जुलमाखाली तिचे केशवपन होते; तिची इच्छा नसताना, बळाने. येथे आम्ही संघटनेच्या माणसाचा एक कोरडा प्रश्न विचारतो. त्या दिवशी यमूच्या हातात काय होते? तिला वाचता येत होते, लिहिता येत होते, मन जागे झाले होते. परंतु तिच्या नावावर एक खोली नव्हती, आणि दोन वेळच्या जेवणापुरतेही मिळवण्याचे साधन नव्हते. नवरा होता तोवर त्याच्या पगारावर तिचे स्वातंत्र्य चालले; पगार थांबला त्या दिवशी स्वातंत्र्यही थांबले. शंकरमामंजी दुष्ट होते हे खरेच. पण दुष्ट माणसे सगळ्या काळांत असतात. त्यांचे चालते ते समोरच्याला दुसरीकडे जायला जागा नसते म्हणून.

आता कादंबरी क्षणभर बाजूला ठेवू आणि त्याच काळातल्या एका खऱ्या बाईकडे पाहू. रखमाबाई यांचा जन्म १८६४ सालचा, हरिभाऊंच्याच जन्मवर्षीचा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या सासरी गेल्या नाहीत. मुंबईत सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या राहिल्या, वाचीत राहिल्या. १८८४ साली दादाजीने बायको ताब्यात मिळावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले, दावा पुन्हा चालला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळविले की आपण तुरुंगात जाऊ. कळत्या वयात न दिलेल्या संमतीचे लग्न त्यांना मान्य नव्हते. १८८८ साली दादाजीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले.

या दोन हजार रुपयांपाशी थोडे थांबावे. रखमाबाईंची जिद्द थोर होती यात शंका नाही. परंतु ती जिद्द निकालात निघू शकली ती घरात वकिलाला देण्याइतका पैसा होता म्हणून, आणि पाठीशी उभे राहणारे लोक होते म्हणून. सुटल्यावर त्यांनी पहिले काम काय केले? त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९४ साली शिक्षण पुरे करून परतल्या, आणि सुरतेस व राजकोटास बायकांच्या दवाखान्यांतून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९५५ साली त्या वारल्या. कोर्टात मिळालेली सुटका त्यांनी कमाईच्या पायावर पक्की केली. यमूच्या कथेत जी गोष्ट उणी होती, ती येथे दिसते.

या वादाचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा झाले. एवढ्याशा बदलासाठी पुण्यात केवढे रण माजले, हे आपण वाचलेले आहे. 'करमणुकी'तून यमूची कथा घराघरांत जात होती ती नेमकी याच दिवसांत. ज्यांनी सभांना जाऊन विरोध केला त्यांच्याही घरच्या बायका ती वाचून रडल्या असतील, असे आमच्या मनात येते.

आता १८९३ साल घ्या. हरिभाऊंच्या यमूचे पुस्तक निघाले त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी लग्न केले. पुढे १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो हिंगण्यास वाढला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. या संस्थांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हांला त्यांतली एकच गोष्ट सांगायची आहे. तेथून शिकून निघालेली मुलगी मास्तरीण होऊ शकत होती, म्हणजे तिला पगार मिळत होता. मध्यमवर्गातल्या बाईच्या हातात तिच्या स्वतःच्या नावाचा पैसा प्रथम आला तो बहुतेक अशा शाळांतून.

आणि पगार हातात आल्यावर कादंबरी बदलली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. हे नाव कोणाचे, ते कोणासच ठाऊक नव्हते. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते, घरचे लोक त्यांच्या पगारावर कसे अवलंबून राहतात आणि म्हणून त्यांच्या लग्नाची गोष्ट कशी मागे पडते, हे तीत उघडपणे मांडलेले होते. मोठा गिल्ला झाला. पुढे कळले की लिहिणाऱ्या बाई म्हणजे हिंगण्याच्या कन्याशाळेतल्या शिक्षिका बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. १९३४ साली त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला नवऱ्यापासून दूर राहणारी, स्वतःच्या पायांवर उभी असलेली बाई. विराग तिच्या आयुष्यात येतो. तिचे पहिले लग्न कायद्याने सुटत नाही, म्हणून दुसरे होऊ शकत नाही. तेव्हा ती समाजाच्या शिक्क्यावाचून आपला निर्णय करते आणि त्याची किंमत मोजते.

यमू ते अचला हे अंतर साधारण चाळीस वर्षांचे आहे. यमूला कोणी विचारले नाही. अचला कोणाला विचारीत नाही. पुष्कळ टीकाकार याचे श्रेय पाश्चात्य विचारांना देतात. विचारांचा भाग होताच; पण यमूजवळही विचार होते. अचलेजवळ त्यांच्या जोडीला मिळकत होती. तिला नव्हता तो कायदा. मुंबई राज्यात हिंदू स्त्रीपुरुषांसाठी घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली, आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला १९५५ साली. एका पिढीच्या हातात पोटापुरते मिळवण्याची सोय आली आणि कायदा यायला वीस वर्षे लागली. मधल्या काळात ज्या अचला होऊन गेल्या, त्यांना तो झोका सोसावा लागला.

येथवर ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "हे सारे पुण्यामुंबईच्या पांढरपेशांचे झाले. आमच्या सुरगाण्याचा याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. केशवपन आमच्या डोंगरात कधी नव्हते. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांत विधवेला पाट लावता येई. पटले नाही तर काडीमोड होई. मुलामुलीने एकमेकांस पसंत करून एकत्र राहायला लागावे आणि लग्नाचा विधी पुढे, हातात पैसा आल्यावर, कधी कधी पोरेबाळे झाल्यावर करावा, हेही आमच्याकडे चालत आले आहे. हुंडा मुलीच्या बापाने द्यायचा नसे. उलट मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज द्यायचे असे. ज्याच्याजवळ देज नाही त्याने घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात राबून ते फेडायचे. म्हणजे ज्या गोष्टींसाठी अचलेला झगडावे लागले, त्यांतल्या पुष्कळ आमच्या आजीला चालीरीतीनेच मिळालेल्या होत्या. शहाण्या सुधारकांनी डोंगरात येऊन हे पाहिले असते तर त्यांचा पुष्कळ वेळ वाचला असता.

परंतु या रीतीचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही, कारण ती अर्धीच हकीकत होईल. देज द्यायचे तर पैसा लागतो, आणि डोंगरातल्या माणसाजवळ पैसा नसतो. मग तो सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे जाई. आमच्या शेजारच्या, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या मुलखात, यातून काय निपजले ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली निघालेल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. लग्नासाठी कर्ज घेणाऱ्याला तेथे 'लग्नगडी' म्हणत. कर्ज काढून तो लग्न करी आणि त्या कर्जापायी जन्मभर जमीनदाराच्या घरी राबे. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे, आणि तिच्या अंगावर हात टाकण्याचा आपल्याला हक्कच आहे असे जमीनदार समजे. दोघांनी एकमेकांना आपल्या मर्जीने निवडले होते. त्या निवडीचा कागद मात्र तिसऱ्याच्या पेटीत होता. १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उठले. त्यांनी वेठ मोडली आणि लग्नगड्यांची गुलामीही मोडली. मजुरीचा लढा म्हणून त्याची नोंद होते. आमच्या मते मराठी मुलखातल्या प्रेमविवाहाच्या इतिहासातही त्याला एक पान मिळाले पाहिजे.

तेव्हा दोन वाटा दिसतात. पुण्याच्या वाड्यातल्या मुलीला शास्त्राने बांधले होते; तिची सुटका शिक्षणाने आणि पगाराने होत गेली. डोंगरातल्या मुलीला रीतीने मोकळे ठेवले होते. तिला कर्जाने बांधले. पहिलीच्या कथा कादंबऱ्यांत आल्या, कारण तिच्या घरी लिहिणारे होते. दुसरीची कथा बहुतेक लिहिली गेलीच नाही.

ही कथा संपलेली नाही, हे आम्ही आमच्या कामावरून सांगतो. दिवाळी झाली की सुरगाणा-पेठच्या वाड्यापाड्यांतून माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. कोणी गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो. उचल घेतो बाप किंवा भाऊ. फेडायला जाते सारे घर. ऊसतोडीत तर नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात; बाईच्या मजुरीला वेगळे नावही नाही. काही वर्षांमागे एक मुलगी आमच्या कचेरीत आली होती. वय वीस. चार हंगाम तिने बागेत काम केले होते. जवळच्या गावच्या एका मुलाशी लग्न करायचे तिच्या मनात होते, आणि घरचा विरोधही नव्हता. अडचण एवढीच, की बापाने पुढच्या हंगामाची उचल तिचा रोज धरून घेतलेली होती; ती गेली तर उचल फिटणार कशी? ती आम्हांस म्हणाली, "माझे दिवस किती भरले तेवढे मला काढून द्या."

आम्ही मुकादमापुढे वही घेऊन बसलो. दोन दिवस घासाघीस झाली. तिचे दिवस निराळे मोजले गेले, तिच्या नावाची निराळी ओळ झाली, आणि हिशेबाअंती उचल पुष्कळशी फिटलेलीच निघाली. आता ही लग्न करणार, असे आम्ही धरून चाललो होतो. तिने केले नाही. "यंदा नाही. आणखी एक हंगाम माझ्या नावावर करते, मग बघेन," असे ती म्हणाली. आमचे काही कार्यकर्ते हिरमुसले. त्यांना लग्नाचे जेवण हवे होते. परंतु या सबंध विषयात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. निवड म्हणजे 'होय' म्हणण्याची मुभा नव्हे. 'नाही' किंवा 'आताच नाही' असे म्हणता येणे, आणि तसे म्हटल्यावर उपाशी न राहणे, ही निवड.

या बाबतीत कायदा आज कोठे आहे, तेही थोडक्यात सांगतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. १९४९ साली ते पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. २००६ चा बालविवाहाविरुद्धचा कायदा सर्वांना लागू आहे, आदिवासींनाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांची लग्ने त्यांच्या रूढीप्रमाणे होतात. याचा फायदा असा, की पाट आणि काडीमोड यांना जागा राहते. तोटा असा, की भांडण झाले म्हणजे लग्न झाले होते हे सिद्ध करणे बाईवर येते. ज्यांना जात, जमात, धर्म ओलांडून लग्न करायचे असेल त्यांस १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. आणि एक कायदा लग्नाचा नाही, पण आम्ही तो येथे धरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे वनजमिनीचा हक्क लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवराबायको दोघांच्या नावाने नोंदवायचा आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो पायी मोर्चा गेला, त्यात आमच्या तालुक्यातल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. पायांना फोड आलेल्या त्या बाया ज्या जमिनीसाठी चालल्या, तिच्या कागदावर त्यांचेही नाव लागायचे आहे, हे ध्यानात ठेवावे. यमूच्या हाती असा एक कागद असता, तर तिला बाहेर पडायला जागा राहिली असती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुलीच्या हातात पैसा दिला, निवड दिली, की ती भलत्याच्या नादी लागेल. वडीलधाऱ्यांना चार पावसाळे जास्त ठाऊक असतात. आम्ही स्वतः वडीलधाऱ्यांत जमा झालो आहोत, म्हणून या आक्षेपाला हसणार नाही. मुलीची निवड चुकू शकते. परंतु दुर्गीचा नवरा वडीलधाऱ्यांनीच पाहिला होता. चूक दोघांकडूनही होते; फरक एवढाच, की दुसऱ्याने केलेली चूक जन्मभर आपण भोगायची, ही रीत अन्यायाची आहे. आणि चुकीवर उपाय आमच्याच जुन्या रीतीत आहे: परत येणाऱ्या लेकीला माहेरचे दार उघडे ठेवावे. काडीमोड करून आलेल्या मुलीला आमच्या पाड्यांवर कोणी टाकून देत नसे. शहरातल्या सुशिक्षितांनी डोंगराकडून काही घ्यायचे असेल तर हे घ्यावे. डोंगराने शहराकडून घ्यायचे असेल तर मुलीची शाळा घ्यावी. हुंडा आणि वरातीची डामडौल घेऊ नये. अलीकडे नेमके उलटे होते आहे, आणि त्या वरातीसाठी पुन्हा उचलच घेतली जाते.

म्हणून आपणांस आमचे सांगणे साधे आहे. ज्यांच्या बागेत, दुकानात, कारखान्यात मुली काम करतात, त्यांनी मजुरी ज्या मुलीची तिच्याच हातात द्यावी, आणि हजेरीच्या वहीत तिची ओळ वेगळी ठेवावी. बापांनी लेकीच्या कष्टावर उचल घेऊ नये. मुलींनी दहावीच्या आत शाळा सोडू नये, आणि आपल्या दिवसांचा हिशेब आपण ठेवावा. दुसऱ्याच्या वहीवर भरवसा टाकू नये. वाचनालयांनी हरिभाऊंची आणि मालतीबाईंची पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलींच्या हाती द्यावीत. आणि या डोंगरातली एखादी मुलगी बसून आपली हकीकत आपल्या तोंडाने, आपल्या बोलीत लिहील, तर ती छापण्याची तजवीज आपण गावाने वर्गणी काढून करावी. त्या वर्गणीत आमचे पहिले नाव लिहून घ्या.